काम येतं, पण होत नाही: वर्गात पुन्हा पुन्हा अडकणाऱ्या मुलांसाठी काय तपासावं, कोणत्या क्रमाने

"हुशार आहे, पण लक्ष देत नाही." हा शेरा प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षे उतरत राहतो. त्यातून मुलाला काय सुधारायचं ते कळत नाही आणि पालकांनाही कळत नाही. मी पाचवी ते आठवीचे वर्ग शिकवते. दरवर्षी वर्गात अशी चार-दोन मुलं असतात आणि दरवर्षी त्यांच्यासोबत हीच तपासणी पहिल्यापासून करावी लागते. बहुतेक वेळा त्यांचं घोडं ज्ञानापाशी अडत नाही. काम सुरू करणं, सूचना डोक्यात धरून ठेवणं, मध्येच आलेला मोह आवरणं, वेळेचा अंदाज बांधणं, एक रीत चालेनाशी झाली की दुसरी धरणं, या कामांपाशी अडतं. यांना मानसशास्त्रात कार्यकारी कौशल्यं म्हणतात. ती मोठ्या प्रमाणावर कपाळामागच्या मेंदूच्या भागावर अवलंबून असतात आणि तो भाग पुरता पक्व व्हायला साधारण पंचविशी उजाडते. म्हणजे बाकांवर बसलेल्या प्रत्येकाची ही घडण अजून चालूच आहे, कुणाची जरा पुढे तर कुणाची बरीच मागे.

लक्षणं

- तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली तरी पान कोरं. जवळ गेलं की "काय करायचंय?" असा प्रश्न, आणि सूचना तर आत्ताच दिलेली.
- तीन गोष्टी सांगितल्या की पहिली होते, बाकीच्या दोन राहून जातात.
- गृहपाठ केलेला असतो पण घरी राहतो. किंवा दप्तरात असतो आणि मागितला की सापडत नाही.
- गणिताची रीत बरोबर, पण मध्येच अधिकाचं उणे झालेलं किंवा एक पायरी गळालेली.
- फळ्यावरून उतरवताना अख्खी ओळ सुटते.
- प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर येतं, बऱ्याचदा भलत्याच प्रश्नाचं.
- एका कामातून दुसऱ्याकडे वळायचं म्हटलं की चिडचिड किंवा रडू.
- महिनाभर आधी दिलेला प्रकल्प आदल्या रात्री सुरू होतो.

यातलं एखाद-दुसरं लक्षण प्रत्येकातच दिसतं, मोठ्यांतही. काळजी करायची ती तेच लक्षण आठवड्यामागून आठवडे, तेच काम आलं की दिसत असेल तेव्हा. म्हणून आधी आठवडाभर नुसतं टिपा: कोणता तास, कोणतं काम, कोणत्या क्षणी गाडी थांबली. गणिताच्या तासाला अडणारं मूल विज्ञानाच्या तासाला नीट काम करत असेल, तर मुलात दोष शोधण्याआधी त्या दोन तासांत काय वेगळं आहे ते बघायला हवं.

समजावून सांगितलं तरी ये रे माझ्या मागल्या, असं का होतं

१९९० च्या दशकात फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना पत्ते वेगळे करायला दिले. आधी रंगाप्रमाणे, मग आकाराप्रमाणे. तीन वर्षांची बरीच मुलं दुसऱ्या फेरीतही रंगानेच पत्ते लावत राहिली. आता कोणता नियम आहे असं विचारलं तर तोंडाने मात्र नवा नियम बरोबर सांगत होती! चार-पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना हा बदल जमतो.

हा प्रयोग मला शिक्षकांच्या खोलीतल्या भिंतीवर लावावासा वाटतो. नियम माहीत असणं आणि ऐन वेळी त्या नियमाने हात चालणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. पत्त्यांचा खेळ पाचव्या वर्षी जमला तरी त्याहून गुंतागुंतीच्या कामात हीच दरी बारा-तेरा वर्षांच्या मुलात दिसते. "गृहपाठ लिहून घ्यायचा असतो हे तुला माहीत नाही का?" असं विचारलं तर ते मूल खाली मान घालून "माहीत आहे" म्हणेल आणि ते खरंच सांगत असेल. माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगून काही हलत नाही. मदत पोचवायची ती काम अडतं त्या जागी आणि त्या क्षणी, म्हणजे बाकावर, वहीत, फळ्यावर, घंटेच्या आधीच्या तीन मिनिटांत.

पुढचा क्रम सोप्या आणि फुकटच्या तपासण्यांपासून अवघडाकडे जातो. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला निदान दोन आठवडे द्या. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि मग पुढे कोणता आधार ठेवायचा आणि कोणता काढायचा तेही ठरवता येणार नाही.

१. आपली सूचना मोजा

"वह्या काढा, पान सत्तेचाळीस उघडा, पहिले तीन प्रश्न सोडवा, चौथा घरी करा आणि झालं की शेजाऱ्याशी वही बदला." एका दमात पाच कामं झाली, शिवाय एक पान क्रमांक. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं की प्रौढ माणूससुद्धा एका वेळी साधारण चारच घटक मनात धरू शकतो. मुलांची ओंजळ त्याहून लहान असते, आणि एकाच वर्गातल्या ओंजळींमध्ये मोठा फरक असतो. सुझन गॅदरकोल आणि ट्रेसी अलोवे यांच्या मते सात-आठ वर्षांच्या तीस मुलांच्या वर्गात किमान तिघांची कार्यस्मृती, म्हणजे काम करताना माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता, सरासरी चार वर्षांच्या मुलाइतकी, तर आणखी तिघांची सरासरी अकरा वर्षांच्या मुलाइतकी असू शकते. सूचना मात्र सगळ्यांना एकच मिळते.

उपाय फुकट आहे. एका वेळी एक काम सांगा. सगळी कामं फळ्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात क्रमाने लिहा आणि तास संपेपर्यंत पुसू नका. "समजलं का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम "हो" असतं. "आता पहिलं काय करणार?" असं विचारा आणि उत्तर मुलाच्या तोंडून ऐका. सूचना देताना हालचाल थांबवा. आपण वह्या वाटता वाटता बोललो तर निम्म्या वर्गाच्या कानात वह्यांचा आवाज जातो.

ही तपासणी पहिली घेण्याचं कारण असं की बऱ्याच मुलांची अडचण इथेच सुटते. सुटली तर पुढच्या तपासण्यांच्या मागे लागायची गरज नाही.

२. बाक आणि भिंत

२०१४ मध्ये फिशर, गॉडविन आणि सेल्टमन यांनी बालवाडीच्या मुलांना तक्त्या-चित्रांनी भरलेल्या वर्गात आणि मोकळ्या भिंतींच्या वर्गात शिकवून पाहिलं. भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त वेळ भटकलं आणि ती कमी शिकली. वर्ग ओका-बोका करा असं मी म्हणणार नाही, मुलांची चित्रं भिंतीवर हवीतच. पण ती मागच्या भिंतीवर लावा आणि फळ्याच्या आजूबाजूची जागा रिकामी ठेवा. बाकावर त्या तासाला लागतं तेवढंच असू द्या. जागा दारापासून आणि वर्दळीपासून दूर, आपल्या हाताच्या अंतरावर. जागा बदलताना ती शिक्षा वाटणार नाही याची काळजी घ्या. चार-पाच जणांच्या जागा एकदम बदलल्या की कुणा एकावर बोट जात नाही.

३. डोळे, कान, झोप

शरीराची अडचण असेल तर बाकीचे सगळे उपाय म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून ही तपासणी लवकर करा.

फळ्यावरून उतरवणाऱ्या मुलाकडे एकदा पाच मिनिटं नुसतं बघत राहा. मान वर करून ते दोन शब्द उचलतं, खाली येऊन लिहितं, पुन्हा मान वर करतं, आणि आता आपली ओळ कोणती होती ते शोधत राहतं. शोधता शोधता पाठ केलेला तिसरा शब्द निसटतो. तोवर वर्ग पुढच्या परिच्छेदावर गेलेला असतो आणि मूल पेन्सिलीला टोक काढायला घेतं. पेन्सिल आपल्याला दिसते, म्हणून आपण म्हणतो, टाळाटाळ करतंय.

इथे करून बघायची गोष्ट साधी आहे. तोच मजकूर कागदावर लिहून वहीशेजारी ठेवा. कागदावरून भरभर उतरवलं, तर दूरचं दिसण्यात अडचण असेल किंवा मान वर-खाली करताना मजकूर मनात धरून ठेवण्यात. मग पहिल्या बाकावर बसवून फळ्यावरून उतरवायला द्या. तिथे सुधारलं तर आधी डोळे तपासून घ्या. शेजारच्या कागदावरूनही संथच चालत असेल, तर लिहिण्याची किंवा वाचण्याचीच अडचण असू शकते. तसं टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कानांसाठी, मूल आपल्याकडे पाठ करून काम करत असताना हळू आवाजात नाव घेऊन बघा, आणि वेगवेगळ्या दिवशी बघा. सर्दीनंतर कानाच्या पडद्याआड पाणी साठलं की ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, त्यामुळे एका दिवसाच्या चाचणीवर भरवसा ठेवू नये.

झोपेचं पालकांना विचारावं लागतं, आणि ते सुरात दोष न आणता विचारायला हवं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१६ च्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप हवी. कमी झोपलेलं मूल वर्गात पेंगतंच असं नाही. बऱ्याचदा ते उलट जास्त चुळबुळतं, लवकर चिडतं, विसरतं. रोज घोरत असेल तर पालकांना डॉक्टरांकडे जायला सांगा.

४. काम खरंच येतं का?

सगळी तपासणी या फाट्यावरून दोन दिशांना जाते, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

त्याच प्रकारचं पण दोन इयत्ता खालचं काम द्या. ते सरळ सुरू झालं आणि पुरं झालं, तर अडचण विषयाच्या आकलनात आहे; तिथे वेळापत्रकं आणि टायमर काही करणार नाहीत, विषयच शिकवावा लागेल. मग दुसऱ्या दिवशी उलट करून बघा. इयत्तेचंच काम द्या, शेजारी बसा, आणि कुठेही उत्तर सुचवू नका. मूल थांबलं की फक्त "मग पुढे?" एवढंच म्हणा. एवढ्यावर सगळं उदाहरण सुटलं, तर विषय येतोय. स्वतःला "मग पुढे?" म्हणणारा आतला आवाज अजून तयार व्हायचा आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या अशा मुलांसाठी आहेत.

५. सुरुवात

"निबंध लिहा" म्हटल्यावर मुलाला समोर डोंगर दिसतो. पहिली पायरी इतकी लहान करा की नाही म्हणायला जागाच उरणार नाही: "शीर्षक लिही आणि तुला सुचणारे तीन शब्द समासात टाक. मी दोन मिनिटांनी तेवढंच बघायला येते." आणि दोन मिनिटांनी जा. न जाणाऱ्या शिक्षकाची पहिली पायरी चौथ्या दिवसापासून चालत नाही.

दुसरा आधार जर-तर वाक्याचा. पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की "मी करीन" असा नुसता निश्चय करण्यापेक्षा "अमुक घडलं की मी तमुक करीन" असं आधी ठरवलं तर काम पार पडण्याची शक्यता वाढते. कारण ऐन वेळी ठरवण्याचा भार उरत नाही. प्रसंग समोर आला की कृती आठवते. मुलाने स्वतःचं वाक्य स्वतः बनवावं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. "उदाहरण दिसलं की मी आधी दिलेल्या संख्या उतरवीन." "अडलो तर सोडवलेलं उदाहरण उघडीन, तरी अडलो तर हात वर करीन." आपण दिलेलं वाक्य ते विसरतात, स्वतः बनवलेलं जास्त टिकतं.

काही मुलं चूक होईल या भीतीने सुरुवातच करत नाहीत. ओळखायची खूण म्हणजे खोडलेलं, पुन्हा खोडलेलं, फाटायला आलेलं पान. त्यांना कच्च्या कामासाठी वेगळं पान द्या आणि त्या पानावर लाल शाई कधीच उमटणार नाही असा शब्द द्या.

६. वेळ डोळ्यांना दिसू द्या

"अजून पंधरा मिनिटं आहेत" हे वाक्य पुष्कळ मुलांसाठी रिकामं असतं. काट्यांच्या घड्याळावर जिथे थांबायचं तिथे कागदाची पट्टी चिकटवा, किंवा उरलेला भाग कमी कमी होताना दिसेल असा टायमर ठेवा. वहीत दोन रकाने करा: "किती वेळ लागेल वाटलं" आणि "किती लागला". कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की मोठी माणसंही आपल्या कामाला लागणारा वेळ सर्रास कमी धरतात. त्यामुळे मुलाचा अंदाज कितीही चुकला तरी त्यावर टीका नको. काही आठवडे रकाने भरत गेले की अंदाज आपोआप जवळ येऊ लागतात.

७. गृहपाठ नेमका कुठे हरवतो

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण शेऱ्याच्या वहीत "गृहपाठ नाही" एवढंच उरतं आणि त्यामागे सात वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. गृहपाठ ऐकला गेला पाहिजे, लिहून घेतला गेला पाहिजे, लागणारं पुस्तक दप्तरात गेलं पाहिजे, घरी तो आठवला पाहिजे, करून झाला पाहिजे, परत दप्तरात गेला पाहिजे आणि मागितल्यावर हातात आला पाहिजे. सातांपैकी एक जागा निसटली की शेरा तोच, पण प्रत्येक जागेचा इलाज निराळा.

आठवडाभर त्या मुलासोबत रोज दोन मिनिटं बसा आणि सात जागांपैकी कुठे तुटलं तिथे खूण करा. रागावायचं नाही, शोधायचं. सातवीतल्या एका मुलीचं दप्तर आम्ही दोघींनी मिळून उपसलं तेव्हा इतिहासाच्या पुस्तकात गणिताचे दोन कागद निघाले, तळाशी चुरगळलेला विज्ञानाचा कागद निघाला, आणि तिन्ही पूर्ण सोडवलेले होते. तिच्या खुणा सगळ्या शेवटच्या दोन जागांवर होत्या. तिला अभ्यासाची शिस्त शिकवत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. तिला एकच फाइल लागत होती, दोन कप्प्यांची: एका बाजूला "घरी न्यायचं", दुसऱ्या बाजूला "शाळेत द्यायचं". सगळे विषय त्या एकाच फाइलमध्ये. आणि वर्गात आल्यावर बाकावर बसण्याआधी दुसरा कप्पा रिकामा करून टेबलावरच्या खोक्यात टाकायचा.

पहिल्या दोन जागा आपल्या हातात असतात. घंटा वाजता वाजता, दप्तरं भरली जात असताना सांगितलेला गृहपाठ लिहून घेतला जात नाही. तो तासाच्या सुरुवातीलाच फळ्यावर लिहा आणि शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा: गृहपाठ उतरवा, लागणारं पुस्तक हातात धरून वर दाखवा, दप्तरात टाका. हे सगळ्या वर्गाला करायला लावा. एकट्या मुलाला वेगळं काढलं तर मदतीची लाज वाटू लागते आणि लाज वाटली की मदत झिडकारली जाते.

चौथी जागा, घरी आठवण्याची, पालकांच्या मदतीने सुटते. पण पालकांना "लक्ष ठेवा" असं मोघम सांगू नका. "संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी फाइल उघडून फक्त विचारा, आज यात काय आहे?" एवढंच सांगा.

८. मोठी कामं

देण्याची तारीख शेवटच्या रकान्यात लिहून तिथून मागे मागे येत मधल्या तारखा मुलाकडून भरून घ्या. प्रत्येक मधल्या तारखेला दाखवण्यासारखं काहीतरी हवं: विषयाचं एक वाक्य, मग पाच मुद्दे, मग कच्चा मजकूर. "किती झालं?" असं विचारलं की "होत आलंय" असं उत्तर येतं. "मुद्दे दाखव" म्हटलं की खरी परिस्थिती समोर येते.

९. आवरणं आणि वळणं

मेरी बड रो यांनी शिक्षकांचे तास ध्वनिमुद्रित करून पाहिलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. ते तीन सेकंद थांबू लागले की उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक येऊ लागली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मधेच बोलणाऱ्या मुलांसाठीही हे उपयोगी आहे: प्रश्न विचारा, तीन सेकंद सगळ्यांचे हात खाली, मग दोन शब्द कागदावर, मग बोलणं. कागदावर लिहिलं की उत्तर निसटून जाण्याची घाई राहत नाही.

एका कामातून दुसऱ्यात जाताना अडणाऱ्यांना आधी पाच मिनिटांची, मग दोन मिनिटांची सूचना द्या, आणि अपुरं काम कुठे ठेवायचं आणि पुन्हा केव्हा हाती येणार तेही सांगा. "बंद करा" एवढंच ऐकलेलं मूल ते काम मनातल्या मनात करतच राहतं. दिवसाचा क्रम बदलणार असेल तर सकाळीच सांगा.

आणखी एक कळकळीची विनंती: काम राहिलं म्हणून खेळाचा तास काढून घेऊ नका. ज्याला चुळबुळ आवरत नाही त्याची हालचाल बंद केली तर पुढचा तास आणखी जड जातो.

१०. आधार काढून घेणं

सगळ्यात अवघड पायरी हीच आहे, आणि बऱ्याच वर्गांत ती राहून जाते. यादी, फाइल, टायमर हे सगळं वर्षभर आपणच चालवलं तर मुलाचं काम होतं, पण कौशल्य आपल्याकडेच राहतं.

मायकेनबॉम आणि गुडमन यांनी १९७१ मध्ये आततायी मुलांसोबत जी पद्धत वापरली ती मला अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते. आधी मोठ्या माणसाने मोठ्याने बोलत काम करून दाखवायचं. मग मोठ्याने सांगायचं आणि मुलाने करायचं. मग मुलाने स्वतः मोठ्याने बोलत करायचं, मग पुटपुटत, मग मनात. लहान मुलं खेळताना स्वतःशी बोलतात ते पुढे आतल्या विचारात उतरतं, असं लेव वायगॉट्स्की यांनी त्याआधी कितीतरी वर्षं मांडलं होतं. फळ्यावर उदाहरण सोडवताना आपण नुसत्या पायऱ्या न लिहिता डोक्यात चाललेलं बोललं पाहिजे: "थांब, इथे काय विचारलंय? क्षेत्रफळ. मला काय दिलंय? एकच बाजू. मग आधी दुसरी बाजू शोधायला हवी." मुलांना उत्तर लिहिलेलं नेहमी दिसतं, उत्तरापर्यंत जाताना स्वतःला कसं हाकायचं ते कधीच दिसत नाही.

आधार काढताना एका वेळी एकच काढा. छापील यादीच्या जागी मुलाने स्वतः लिहिलेली यादी, मग फक्त तीन अक्षरांची खूण, मग काहीच नाही. काम ढासळलं तर न बोलता एक पायरी मागे या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा प्रयत्न करा. आजारपण, परीक्षा, मोठी सुट्टी यानंतर थोडं मागे जाणं ठरलेलं असतं.

स्मरणशक्ती वाढवणारे संगणकी खेळ घ्यावेत का, असं पालक विचारतात. मेल्बी-लेरवोग आणि ह्युम यांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. या खेळांनी मुलं त्या खेळांसारख्याच चाचण्यांत सुधारतात, पण वाचन आणि गणितात तो फायदा उतरत असल्याचं दिसलं नाही. ती फी वाचवावी असं मी स्पष्ट सांगते.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

पुढच्या गोष्टी दिसल्या तर वरचा क्रम बाजूला ठेवा.

काही सेकंद मूल एकटक बघत राहतं, नाव घेतलं किंवा हात लावला तरी प्रतिसाद नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुन्हा काम सुरू करतं. हे दिवास्वप्न असू शकतं, पण अपस्माराचा एक प्रकार नेमका असाच दिसतो. हाक किंवा स्पर्शाने दिवास्वप्न मोडतं, तो झटका मोडत नाही. असं पुन्हा पुन्हा दिसलं तर पालकांना लगेच बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. डोक्याला मार लागल्यानंतर, किंवा काही आठवड्यांत अचानक, आधी नीट चाललेलं मूल ढासळलं, येत असलेल्या गोष्टी येईनाशा झाल्या, तरीही डॉक्टरच. स्वतःला इजा करण्याचं बोलणं किंवा खुणा दिसल्या, घरी मारहाण किंवा छळ होत असल्याची शंका आली, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आणि समुपदेशकांना सांगा; मुलाला एकटं सोडू नका आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका.

घाई नसलेली, तरी तज्ज्ञांकडे जायलाच हवी अशी परिस्थिती म्हणजे वरचे आधार सहा ते आठ आठवडे रोज आणि नीट दिले तरी काहीच हललं नाही, आणि शाळेत दिसतं तेच घरीही दिसतं. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या विकाराचं, निदान करताना डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेतल्या निकषांप्रमाणे लक्षणं निदान सहा महिने टिकलेली, त्यांतली काही बारा वर्षांच्या आधीपासूनची आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. हे निदान बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा त्यातले जाणकार डॉक्टर-मानसशास्त्रज्ञ करतात. शिक्षकाने पालकांसमोर त्या आजाराचं नावही घेऊ नये. चिंता, नैराश्य, झोपेचे विकार, अध्ययन अक्षमता या सगळ्यांत वर्गातली लक्षणं जवळजवळ सारखी दिसू शकतात. वाचन किंवा लेखन इयत्तेच्या मानाने फार मागे असेल, तिसऱ्या पायरीत शेजारच्या कागदावरूनही उतरवता आलं नसेल, तर विशेष शिक्षक आणि मानसशास्त्रज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची चाचणी मागा.

पालकांशी बोलताना मत सांगू नका, नोंदी दाखवा. "एकाग्रता नाही" यापेक्षा "गेल्या दोन आठवड्यांत लेखी काम दहा वेळा दिलं, आठ वेळा पहिल्या दहा मिनिटांत सुरू झालं नाही, शेजारी बसून 'मग पुढे?' म्हटलं की पुरं झालं" हे वाक्य पालकांना कळतं आणि डॉक्टरांनाही उपयोगी पडतं. त्यासोबत एका पानावर लिहून द्या: कोणते आधार दिले, किती आठवडे, कशाने थोडा फरक पडला, कशाने नाही, आणि मूल कोणत्या कामात रमतं. हे शेवटचं आवर्जून लिहा. रमतं तिथे लक्ष टिकतं का आणि किती वेळ टिकतं, हे तज्ज्ञ विचारतातच.

तज्ज्ञांची भेट आणि अहवाल यांत काही आठवडे, कधी महिने जातात. तेवढ्या काळात चालू असलेले आधार बंद करू नका आणि नवे सुरूही करू नका. फळ्याच्या कोपऱ्यातली यादी, दोन कप्प्यांची फाइल, शेवटची तीन मिनिटं, आहे तसं चालू ठेवा आणि नोंद करत राहा. अहवाल आला की त्यातल्या शिफारशी त्या मुलाला शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसून वाचा, आणि कोणत्या तासाला कोण काय करणार ते त्याच बैठकीत लिहून ठेवा.